दोन पेले पन्हं

१

सोमवारी सकाळी गिरजाबाईंनी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं आणि सोळा नंबरच्या फाइलीनंतर एकदम अठरा नंबरची फाइल हाताला लागली. मधली सतरा नव्हती. त्यांनी कपाटाचे वरचे कप्पे रिकामे केले, कपाटाखाली काठी फिरवली, टेबलाचे खण जमिनीवर उपडे केले आणि मग मला फोन लावला.

"ज्योत्स्नाबाई, मंगलीची फाइल चोरली कोणीतरी. शुक्रवारी समितीपुढे तारीख हाये. आता कसं करता सांगा."

मी जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात काम करते. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. पोलीस चोर शोधतात, मी नातेवाईक शोधते. एखादं मूल एकटं सापडलं की त्याचं या जगात कोणी उरलंय का ते बघायचं आणि तसा अहवाल लिहायचा. चोर शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण पोलिसांत गेलं असतं तर बालगृहातल्या बारा मुलांना उगाच खाकी कपडे बघावे लागले असते. बाल कल्याण समितीच्या अध्यक्षांनी मलाच सांगितलं, "गुरुवारपर्यंत जमतं का बघा."

मंगली साधारण सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, एका जीपवाल्यानं तापानं फणफणलेली बाई आणि तिची मुलगी दवाखान्याच्या पायरीवर उतरवली आणि तो निघून गेला. बाई शुद्धीवर आलीच नाही. मुलीला स्वतःचं नाव सांगता आलं, गावाचं नाही. तिची माडिया भाषा दवाखान्यात कोणाला धड येत नव्हती, आणि मग वर्षभर ती बोललीच नाही. पेपरात तिचा फोटो छापून आला. तो पेपर नागपूरचा. भामरागडच्या पलीकडच्या गावांत पेपर पोचतो तो किराण्याच्या पुडीचा.

कोणी आलं नाही. म्हणून येत्या शुक्रवारी समिती तिला दत्तक द्यायला मोकळी ठरवणार होती. सहा वर्षांच्या मुलीला आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही, घेतात ते परदेशातले. एकदा शिक्का बसला की मंगली विमानात बसणार आणि परत येणार नाही.

२

बालगृह आलापल्लीपासून तीन किलोमीटरवर, सागवानात, एका जुन्या लाकूड ठेकेदाराच्या बंगल्यात आहे. मंगळवारी सकाळी मी पोचले तेव्हा मुलं दोन रांगांत उभी राहून प्रार्थना म्हणत होती. सगळ्यांचे निळे कपडे, तेल लावलेले केस, बाजूला टांगलेली घंटा. अंगण इतकं लख्ख होतं की चप्पल काढावीशी वाटली. दर कोपऱ्यात एकेक फडा, म्हणजे गवताचा झाडू, उभा, व्हरांड्यात चार, पाण्याच्या टाकीजवळ दोन, सगळे नवेकोरे. आमच्या कक्षात एका फड्यासाठी तीन अर्ज करावे लागतात, म्हणून माझं लक्ष गेलं इतकंच.

गिरजाबाई इथल्या अधीक्षिका. वय अठ्ठावन्न, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांच्या खुर्चीमागे जगाचा मोठा नकाशा आहे. बालगृहातलं मूल ज्या देशात गेलं तिथं त्या आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवतात. इटलीवर दोन होत्या, स्पेनवर एक. माल्टा हा देश तर इतका लहान की टिकलीखाली अख्खा झाकून गेला होता.

"हे पोरगं पाहा," त्यांनी फोटो दाखवला. बर्फात उभा असलेला, कानटोपी घातलेला एक गोंड मुलगा दात काढून हसत होता. "इथं होता तर रातभर खोकलाचा. तिकडं त्याले स्वतःची खोली हाये. मी काऊन वाईट करीन यायचं?"

त्या वाईट करत नव्हत्या, हे मला आधीपासून ठाऊक होतं. कपाटाच्या चाव्या दोन. एक गिरजाबाईंच्या कमरेला आणि दुसरी ऑफिसातच बाबासाहेबांच्या तसबिरीमागच्या खिळ्याला, हे सगळ्यांना माहीत. शनिवारी दुपारी त्यांनी स्वतः फाइल पाहिली होती. त्यानंतर सोमवारपर्यंत बाहेरचं कोणी आलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

"फायलीवर नाव असतं?"

"नाई. नुसता नंबर. कोणाचा कोणता ते माझ्या डोस्क्यात आन् प्रफुलच्या कॉम्प्युटरात."

"आणि मंगलीच्या नातेवाइकांचा शोध कोणी घेतला होता?"

"प्रफुलनंच. नवीनच लागला होता तेव्हा. पयलीच केस. ऑगस्टात, भर पावसात, मोटरसायकलवर भामरागडच्या पल्याड दहा गावं फिरला पोरगा." गिरजाबाईंच्या आवाजात अभिमान होता. "पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन करून निघाला, आठ दिवसांनी आला. असं कोण करते आजकाल?"

मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना पेन जरासं अडखळलं. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तेव्हा समजेना.

३

प्रफुल तिशीचा, गरीब चेहऱ्याचा, चांगला वागणारा मुलगा. समाजकार्याची पदवी, इथं समुपदेशक आणि कारकून दोन्ही. त्याचं टेबल खिडकीशी. खिडकीतून फाटक आणि कुंपणाचा पट्टा दिसतो. मी विचारायच्या आधीच त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतःचा कप उचलताना बशीत सांडला.

"फायलीची नक्कल कॉम्प्युटरवर असेल ना?"

"नाई मॅडम. नेट नव्हतं महिनाभर. बाकीच्यायच्या आहेत, हिचीच राह्यली."

"शनिवारी दुपारी कुठं होतास?"

"इथंच. काम करून राह्यलो होतो." तो खिडकीबाहेर बघत होता. "मॅडम, फाइल नाई मिळाली तं शुक्रवारचं पुढं जाईन का?"

"जाईल महिनाभर."

त्यानं मान हलवली. चेहऱ्यावर काळजी होती की सुटका, मला ओळखता आलं नाही.

तेवढ्यात बाहेर गिरजाबाईंचा आवाज चढला. मी धावत गेले. त्यांनी मंगलीला खांद्याला धरून उभं केलं होतं आणि दुसऱ्या हातात तिच्या वेणीची रिबन होती. रिबन कसली, फाइल बांधायची लाल फीत.

"पाहा," त्या म्हणाल्या. "आता सांगा, चोर स्वयंपाकघरात हाये का नाई?"

४

स्वयंपाकीण सोनीबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. त्या एटापल्लीकडच्या, विधवा, पाच वर्षांपासून इथं. मंगलीची वेणी रोज त्याच घालतात, हे सगळ्यांना माहीत. मंगली जाणार म्हणून गेला आठवडाभर त्या डोळे पुसत होत्या, हेही सगळ्यांना माहीत. त्यामुळे चोर सापडल्यासारखंच होतं.

"फीत कुठली?" मी त्यांच्याजवळ बसत विचारलं.

"हापिसातल्या कचऱ्यातली. रविवारी झाडलं तं टोपलीत होती. चांगली होती, म्हून घेतली. बाई तं धागाबी टाकत नाई, मले नवलच वाटलं."

"सोनीबाई, मंगलीचा नंबर किती?"

"तीन," त्या ताडकन म्हणाल्या.

"तीन?"

"ताटाचा ना? तीन. त्याले एका बाजूनं पोचा हाये."

मग मी फाटकावर गेले. चौकीदार पोचू सिरोंच्याकडचा, बोलण्यात तेलुगू आणि हिंदी कालवलेली. त्याला तोच प्रश्न विचारला.

"मंगली? नौ नंबर," तो म्हणाला. "आंघोळीची बाल्टी. लाल वाली."

मी तिथंच फाटकाजवळच्या दगडावर बसले. कपाटात बारा फायली, एकीवरही नाव नाही. ज्यानं चोरी केली त्यानं कशाचीही उलथापालथ न करता नेमकी सतरा काढली. सोनीबाईंना ताटाचा नंबर ठाऊक, पोचूला बादलीचा. फायलीचा नंबर फक्त दोघांना माहीत होता, गिरजाबाई आणि प्रफुल. आणि त्या दोघांनाही शुक्रवारची तारीख हवी होती, निदान तसं म्हणत तरी होते.

मग चोरलं कोणी, आणि कशासाठी?

५

डोकं चालेनासं झालं की मी नोंदवह्या वाचते. गिरजाबाईंची आहाराची वही म्हणजे पाहण्यासारखी चीज. बारा मुलं, तीन वेळा, कोणी किती खाल्लं ते रोज. बुधवारी सकाळी मी चैत्रापासून वाचायला घेतली.

अंगणात आंब्याचं मोठं झाड आहे. मार्चअखेरीपासून वहीत कैरी होती, कधी चटणी, कधी वरणात, दर दोन दिवसांनी पन्हं. आणि प्रत्येक वेळी पुढं एक ओळ: 'मंगली – घेतलं नाही.' मागच्या वर्षीची वही काढली. अख्खा उन्हाळा तेच. मंगलीनं कैरीला हात लावला नव्हता. मुलीला आंबट आवडत नसेल म्हणून मी वही मिटणार होते, तेवढ्यात यंदाच्या वहीचं शेवटचं पान दिसलं.

'रविवार. पन्हं. मंगली – दोन पेले.'

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. सोनीबाई ऐकून हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"त्यात का हाये बाई? तिच्या गावचा पंडुम झाला असन."

"म्हणजे?"

"आमच्यात नवा आंबा असाच नाई खात. गावचा गायता, म्हंजे पुजारी, पयले देवाले वाह्यते, त्या दिवशी कोणी काम नाई करत, गावाबाहीर नाई जात. मग गाव खाते. त्याच्या आंधी तोंडात टाकला तं देवाचा घास उष्टा केल्यासारखं होते. लेकराले दूध सुटाच्या आंधी शिकवतेत हे."

"पण तुमच्या गावचा पंडुम कधी झाला?"

"चैतातच. मी सांगतलं तिले, आता खाय. तं मुंडी हलवली. म्हणे, आमचा नाई झाला." सोनीबाईंनी भाकरी उलटली. "बरोबरच हाये ना. दर गावचा दिवस येगळा राह्यते."

मी मोरीच्या काठावर टेकले. मागच्या वर्षी मंगली उन्हाळाभर कोणीतरी सांगेल म्हणून थांबली, आणि कोणी सांगितलं नाही. या वर्षीही थांबली. आणि गेल्या शनिवारी-रविवारी तिला कोणीतरी सांगितलं की आपल्या गावचं झालं. हे सोनीबाई सांगू शकत नव्हत्या, पोचू नाही, मी नाही. हे सांगणारा माणूस तिच्याच गावचा असला पाहिजे. आणि कागदावर तिला गावच नव्हतं.

"तुम्ही हे गिरजाबाईंना सांगितलं नाही?"

"त्यात सांगाचं का हाये?" सोनीबाईंना खरंच कळेना. "कोणीबी असंच करते."

मंगली आंब्याखाली बसून खडे मांडत होती. मी शेजारी बसले. मला मूल हाताळता येतं असं लोक म्हणतात. माझी आई मी जन्मले तेव्हाच गेली. बाबा रामाजी, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर रोजंदारीला. मला मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं वाढवलं, तिच्या चार मुलांत पाचवी. माझी कधी फाइल झाली नाही, कारण मला मोठी आई होती.

"मंगली, तुमच्या गावी आंबा खाल्ला, हे तुला कोणी सांगितलं?"

तिनं खड्यावर खडा ठेवला. इतकं साधं काय विचारता, असा चेहरा केला.

"आजीनं," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिला आजीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. फायलीत लिहिलं होतं, नातेवाईक नाहीत.

६

"शनिवारी फाटकावर कोण येतं?" मी पोचूला विचारलं.

"कोई नै म्याडम."

"नीट आठव."

"वो फडेवाली बुड्ढी आती. बाजाराच्या दिवशी. पाणी पिते, कुंपणाच्या त्या बाजूनं बसते घडीभर, पोट्ट्यायशी बोलते. एक फडा देऊन जाते. फुकट. नको म्हटलं तरी ठेवून जाते." त्यानं बोटानं कोठीची खोली दाखवली. "चाळीस-पन्नास झाले."

"कुठल्या गावची?"

"क्या मालूम. तिची बोली मेरेको नै येत."

गिरजाबाईंना वाटत होतं फडे पोचू आणतो, पोचूला वाटत होतं गिरजाबाईंनी सांगून ठेवलंय. कोठीत गवताचे फडे छतापर्यंत रचले होते. येणाऱ्या शनिवारी ती पुन्हा आली असती, पण आमची तारीख शुक्रवारची होती.

मी सोनीबाईंना म्हटलं, "एप्रन काढा. चला."

आलापल्लीच्या चौकात काळीपिवळ्या जीपा उभ्या असतात. भामरागडकडच्या वाटेचे सहा-सात ड्रायव्हर. मी त्यांना गाव विचारलं नाही, कारण गाव मलाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात, शनिवारच्या आधी, असं कोणतं गाव होतं जिथून एकही सवारी बसली नाही?"

पाचांनी खांदे उडवले. सहावा इसरू, तोंडात खर्रा, थुंकून आला आणि म्हणाला, "इरुकनार. गुरुवारी. रोज सात-आठ जण राह्यतेत, त्या दिवशी फाट्यावर कुत्रंबी नाई. मंग कळलं, आंब्याचा पंडुम होता त्यायचा."

"चल," मी म्हटलं.

इरुकनार म्हणजे फाट्यापासून तासभर चालत, बावीस घरं. म्हातारी सापडायला वेळ लागला नाही. रैनीबाई. घरापुढं गवताच्या पेंढ्या, मांडीवर अर्धा बांधलेला फडा. मंगलीचं नाव काढल्यावर तिनं आम्हाला बसायला बाज दिली आणि कैरीचं पाणी दिलं. माडियात बोलत होती, सोनीबाई मला सांगत होत्या.

तिचा मुलगा, मंगलीचा बाप, झाडावरून पडून गेला. त्याच पावसाळ्यात सुनेला ताप आला, तिला जीपमध्ये घालून पाठवलं, सोबत लेकरू. मग नाले भरले. महिन्यानं म्हातारी पायी निघाली, तर सून गेल्याचं कळलं, आणि पोरगी आलापल्लीकडं असल्याचं. ती शोधत शोधत बालगृहाच्या कुंपणाशी आली.

"मग आत काऊन नाई गेली?" सोनीबाईंनी विचारलं. "नातीले मागतलं काऊन नाई?"

रैनीबाईनं आमच्याकडं असं बघितलं की चुकलं कोणाचं तेच कळेना. मग ती सावकाश, बराच वेळ बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, शाळेतल्या पोरीले कोणी मागून आणते का." सोनीबाईंनी पदर तोंडाशी नेला. "तिनं पाह्यलं ना बाई, निळे कपडे, रांग, घंटा, जेवाले ताट. तिले वाटलं, मेलेल्या मायची पोरगी सरकारनं आश्रमशाळेत घातली. देव पावला म्हणे. पोरगी खाते तिथं, म्हून दर बाजाराले एक फडा नेऊन देते. आता सगळ्या शाळेचे पोट्टे गावात आले, मागच्या सालीबी आले होते. ते म्हणते, ही कोणती शाळा व्हय, दोन वरसं झाले, सुट्टीच लागत नाई."

मी कैरीचं पाणी संपवलं.

७

परतताना जीपमध्ये हेमलकशाचा फाटा आला आणि मंगळवारी माझं पेन कशाला अडखळलं होतं ते लख्ख आठवलं.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात तिघांना बसवलं, गिरजाबाई, प्रफुल आणि सोनीबाई. रैनीबाईबद्दल अजून फक्त सोनीबाईंना ठाऊक होतं.

"फाइल चोरणाऱ्याला नंबर माहीत होता," मी म्हटलं. "म्हणजे तो स्वयंपाकघरातला नाही, फाटकावरचा नाही. फीत ऑफिसच्या टोपलीत मिळाली. फाइल पळवून न्यायची असेल तर कोणी फीत सोडत बसत नाही, उलट घट्ट बांधतो. फीत सुटते तेव्हाच, जेव्हा कागद काढून दुसरीकडं सरकवायचे असतात. म्हणजे मंगलीचे कागद या खोलीच्या बाहेर गेलेलेच नाहीत. आणि गिरजाबाई फीत टाकत नाहीत. धागासुद्धा ठेवतात."

गिरजाबाईंनी प्रफुलकडं बघितलं. प्रफुल टेबलाकडं बघत होता.

"दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला मी हेमलकशाला होते," मी पुढं म्हटलं. "एका मुलाच्या कामासाठी गेले आणि चार दिवस अडकले. पुढं नदी पुलावरून वाहत होती, मागं नाला रस्त्यावरून. बस नाही, जीप नाही, माणूस नाही. तू त्याच आठवड्यात त्या पुलावरून मोटरसायकल कशी नेलीस, प्रफुल?"

त्यानं टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं.

"नाल्यापर्यंत गेलो होतो मॅडम," तो म्हणाला. "खरंच गेलो होतो. पाणी पाह्यलं आन् परत फिरलो. आठ दिवस बहिणीकडं अहेरीले राह्यलो. महिन्यात अहवाल द्याचा होता. वाटलं, पाणी उतरलं का जाईन आन् मग दुरुस्त करीन. मग बाई सगळ्यायले सांगाले लागल्या, दहा गावं फिरला म्हणून. मग नाई सांगता आलं."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी खिडकीतून दिसलं. ते बुड्ढी कुंपणातून हात घालून मंगलीच्या डोक्यातल्या उवा पाहून राह्यली होती." तो आता माझ्याकडं बघत होता. "उवा कोण पाह्यते मॅडम? फडे विकणारी पाह्यते का? मले समजलं. सांगतो म्हटलं तं माझा खोटा अहवाल उघडा पडते. नाई सांगत तं पोरगी जाते. मले काईच सुचलं नाई. म्हटलं फाइलच नसली तं तारीख टळन, तेवढ्यात कसं तरी करू."

मी कपाटाच्या खालच्या कप्प्याशी गेले. गेलेल्या मुलांच्या बंद फायली. सगळ्यांवर धुळीचा सारखा थर, एकीवर बोटं उमटलेली. माल्टाला गेलेल्या मुलीची, सगळ्यांत जाड. तिच्या पोटात मंगलीचे कागद होते, एकही फाटलेला नाही.

गिरजाबाई उठल्या आणि नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडं.

"तुह्या आंधीचे हे," त्या टिकल्यांकडं बघत म्हणाल्या. "हे मी स्वतः फिरली होती. पायानं. एवढं तरी बरं हाये." मग वळल्या. "आता सांग. असे आणखी किती अहवाल लेहले?"

"चार," प्रफुल म्हणाला.

त्या चार मुलांची नावं त्याला पाठ होती. त्यानं ती एकेक करून सांगितली. बाहेर अंगणात त्यातलाच एक जण आंब्यावर चढून दुसऱ्याला चिडवत होता.

"सोमवारी निघू," मी म्हटलं. "आपण दोघं. नाल्याच्या पल्याड चालत. तुझ्या नोकरीचं समिती ठरवेल, पण ही गावं आधी."

मी रागावले होते, आणि अजूनही आहे. पण एक गोष्ट मान्य करते. त्यानं ती फाइल जाळली असती तर कोणाला कळलं नसतं, आणि गप्प बसला असता तर मुळीच कळलं नसतं.

८

शुक्रवारी रैनीबाई गडचिरोलीला आली. सोबत गावचा गायता, पाटील आणि दोन म्हाताऱ्या, कारण सरकारी कचेरीत एकटं जायचं नसतं. समितीनं सगळं दोनदा विचारलं. मंगली कोणाची, बाप कोण, आई कोण, घर कुठलं. कोणी काही विचारायच्या आतच मंगली आजीच्या मांडीवर जाऊन बसली होती, म्हणून 'हिला ओळखतेस का' हा प्रश्न विचारावाच लागला नाही. दत्तकाचा कागद बाजूला ठेवला गेला आणि आजीच्या ताब्यात देण्याचा कागद पुढं आला. दर महिन्याला मी इरुकनारला जाऊन बघायचं, असं ठरलं. रैनीबाईनं अंगठा लावला आणि शाई लुगड्याला पुसली.

सामान घ्यायला आम्ही परत बालगृहात आलो. निळे कपडे, पाटी, पोचा पडलेलं ताट सोनीबाईंनी फडक्यात बांधून दिलं. मुलं फाटकापर्यंत आली. रैनीबाई थांबली आणि गिरजाबाईंना काहीतरी म्हणाली.

"का म्हणते?" गिरजाबाईंनी विचारलं.

सोनीबाईंनी पदर खोचला. "म्हणते, शाळा कधी उघडते ते सांगा. घेऊन येईन."

गिरजाबाई मंगलीजवळ आल्या. त्यांनी मंगलीच्या डोक्यावर हात ठेवला, वेणीतली लाल फीत सरळ केली.

"तिले सांग," त्या सोनीबाईंना म्हणाल्या, "गावच्या शाळेत घाल म्हणा. सांजच्याले घरी येते त्या शाळेत. आन् आंब्याच्या दिवसात मीच येईन पन्हं प्यायले. पंडुम झाल्यावर."

जीप दिसेनाशी झाल्यावर त्या ऑफिसात आल्या आणि रजिस्टर उघडलं. मूल गेलं की त्यात एक ओळ भरावी लागते. शेवटच्या रकान्यात जाण्याचं कारण, चार छापील पर्याय: दत्तक, बदली, पळून गेले, मृत्यू. एकावर खूण करायची. गिरजाबाईंनी चष्मा लावला, चारही पर्याय नीट पट्टीनं खोडले आणि बाजूच्या कोऱ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'सुट्टी लागली.'